आजीने ओट्टोला खाल्लं

रविवारी सकाळी जर्मनीत, आमच्या वोल्फ्सबुर्गच्या घरात आंबोळ्या झाल्या. आणि मग जे झालं ते कधी एकदा सांगते असं झालंय.

सासूबाई गुरुवारीच चिपळूणहून आल्या. जेट लॅग वगैरे त्यांना माहीत नाही. शुक्रवारी सकाळपर्यंत माझा फ्रिज त्यांच्या ताब्यात होता.

तो कसा आहे ते तुम्हाला सांगायला नको, तुमचाही तसाच असणार. आइस्क्रीमच्या डब्यात खवलेलं खोबरं. जर्दाळूच्या जॅमच्या बरणीत लसणीची चटणी. काकडीच्या लोणच्याच्या जर्मन बाटलीत मेतकूट... आमच्याकडे लेबल कोणी वाचत नाही. झाकण उघडायचं, वास घ्यायचा.

रविवारी मी चौथी आंबोळी घेतली. जाळी अशी पडली होती की विचारू नका. माझा नवरा निखिल म्हणाला, "आई, नाचणी तिकडून आणलीस?"

"मी कशाला आणू? सुनेनेच आंबवून ठेवलं होतं की. काल संध्याकाळी त्यात तांदळाचं पीठ कालवलं फक्त."

मी नाचणी आंबवली नव्हती.

उठून फ्रिज उघडला. मधल्या कप्प्यात, इडलीच्या पिठाच्या शेजारी, जागा रिकामी. बरणी ओट्यावर पालथी, स्वच्छ धुतलेली. लेबलवर तिरक्या अक्षरात लिहिलेलं... ओट्टो.

ओट्टो म्हणजे वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ बेहरेन्स यांच्या ब्रेडचं विरजण. राईच्या पिठाचं, करड्या रंगाचं, आंबट वासाचं. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्या रेहाला, म्हणजे व्यायाम-उपचारांच्या केंद्रात राहायला गेल्या, तेव्हा बरणी माझ्याकडे देऊन गेल्या. आठवड्यातून एकदा पीठ आणि पाणी घालायचं, बाकी काही नाही.

बरणी घ्यायला मी त्यांच्या घरी गेले होते. त्यांच्या फ्रिजमध्ये लोणी, मोहरीची ट्यूब, दोन गाजरं आणि ओट्टो. एवढंच. बरणी हातात देताना त्या म्हणाल्या, हे माझ्या आईचं आहे. ती गेली तेव्हा घरातलं सगळं वाटून टाकलं, हे ठेवलं.

आणि फ्राऊ बेहरेन्स रविवारी दुपारीच परत येणार होत्या.

आमची ईरा सात वर्षांची आहे. मराठी सगळं समजतं, उत्तर जर्मनमध्ये देते. तिने ताटातल्या आंबोळीकडे पाहिलं आणि शांतपणे जाहीर केलं, "आजी हाट ओट्टो गेगेसन." आजीने ओट्टोला खाल्लं. वर तिने उरलेला तुकडा चटणीला लावून खाल्लाही.

निखिल गाडीची किल्ली घेऊन उभा. रविवार म्हणून सुपरमार्केट बंद, पण कोपऱ्यावरची बेकरी उघडी होती. "त्यांच्याकडून थोडं मागून आणतो. बरणीत भरू. कुणाला कळणार आहे?"

खोटं कशाला सांगू... क्षणभर मला ते पटलं.

सासूबाईंना तोवर काहीच कळत नव्हतं. मी सगळं सांगितलं. ओट्टो कोण, कुणाचा, किती जुना. त्या खुर्चीवर बसल्या. "तिच्या आईचं?" एवढंच विचारलं.

मग उठल्या आणि ओव्हनचं दार उघडलं.

आत, दिवा लावून ठेवलेल्या उबेत, स्टीलची वाटी. वर बशी. बशी उचलली तर आतलं पीठ काठापर्यंत फुगलेलं, वर बुडबुडे.

"चमचाभर आधीच बाजूला काढलं होतं. तुझ्या डब्यातलं नाचणीचं पीठ घातलं थोडं. उद्याला लागेल म्हणून. अगं, विरजण कोणी सगळं संपवतं का?"

मी त्यांना मिठीच मारली. आमच्यात तशी पद्धत नाही. त्या "अगं वाटी, वाटी..." म्हणत राहिल्या.

फडताळातलं राईचं पीठ काढलं, ओट्टोला दिलं. दुपारपर्यंत तो बरणीत चढायला लागला. निखिल म्हणाला, "झालं. आता काही बोलायचं नाही."

"निख्या, गप्प बस. सांगायचं," सासूबाई म्हणाल्या. "तिच्या आईचं आहे ते."

फ्राऊ बेहरेन्स कुबडी घेऊन आल्या, तेव्हा आम्ही तिघी त्यांच्या दारात. सासूबाई मराठीत सांगत होत्या, मी जर्मनमध्ये, आणि मी गाळलेलं सगळं ईरा भरून काढत होती.

फ्राऊ बेहरेन्स हसल्या नाहीत. झाकण उघडलं, वास घेतला. पुन्हा घेतला.

"आल्झो," त्या म्हणाल्या, म्हणजे 'तर मग'. "ओट्टोच आहे." मग सासूबाईंकडे बघून, "चव कशी होती?"

मी भाषांतर करायच्या आत सासूबाई वळून जिना उतरायला लागल्या होत्या. बिडाचा तवा तापवायला.

फ्राऊ बेहरेन्स आमच्या टेबलाशी बसून उरलेल्या पिठाच्या तीन आंबोळ्या जेवल्या. खोबऱ्याच्या चटणीबरोबर, काट्याचमच्याने. आईने याचा फक्त ब्रेड केला, म्हणाल्या. तिला हे आवडलं असतं. मग बराच वेळ त्या आणि सासूबाई एकमेकींशी बोलत बसल्या, आपापल्या भाषेत. मला कोणी काही विचारलं नाही.

जाताना त्यांनी निम्मा ओट्टो आमच्याकडेच ठेवला. असू दे, म्हणाल्या. आता दोन घरांत असलेला बरा.

काल दही संपत आलं होतं. भांडं निपटायला चमचा घातला, आणि हात आपोआप थांबला.

मधल्या कप्प्यात ओट्टोची बरणी आहे. ईराने त्यावर दोन्ही लिपींत नाव लिहिलंय. आमच्या फ्रिजमधलं तेवढं एकच लेबल खरं आहे.