बंधाऱ्याचे दगड मीच काढले

गाववाल्यांनो, आज सकाळी मी ओहोळावर गेलो आणि पार्वतीकाकीने एकटीने रचलेले बंधाऱ्याचे दगड माझ्या हातांनी उपसून टाकले. वाटेत देऊळ लागले, पण हात जोडायचा धीर झाला नाही. सगळ्यांनी वाचावे म्हणून हे वाचनालयाच्या फळ्यावर लिहितो आहे.

आपल्या ग्रामविकास मंडळाला बंधाऱ्याच्या मजुरीपोटी परदेशी मदतीचा गहू मिळणार होता. अट एकच, मंजुरीआधी काम सुरू झालेले नको. पाहणीला साहेब आज यायचे होते आणि मंडळाचा अध्यक्ष मी. एरवी दिवाळी झाली की घरटी एक माणूस येऊन आपण बंधारा घालतो. यंदा गव्हाची वाट बघत बसलो. तिकडे काकीचे उन्हाळी भाताचे रोप सुकत चालले.

साहेब आलेच नाहीत. काकी आली.

"दगड खंय गेले रे? गुरांनी पाडल्यांनी?"

"मीच काढलंय, काकी. नायतर आपणाक गहू गावचो नाय."

ती हसली. "मगे व्हाळाक पण सांग, सायब येयपर्यंत हंयच रव म्हणान!"

ओहोळ कुणा साहेबासाठी थांबत नाही, हे मला पन्नाशीला आल्यावर काकीने सांगावे लागले. गहू देणाऱ्यांचा यात दोष नाही. पण मदतीसाठी आपलेच काम मोडणारे मंडळ आपले कसे म्हणायचे?

दुपारी काकीबरोबर पाण्यात उतरलो. गहू जाईल हे ठाऊक असूनही साहेबांना कळवून टाकले आहे, काम सुरू झाले.