चोवीस संध्याकाळांची शर्यत

फ्रान्समधली चोवीस तासांची मोटार शर्यत जूनमध्ये एका शनिवारी दुपारी सुरू होऊन रविवारी दुपारी संपत असे. बंगळूरच्या बसवनगुडीत आमच्या घरी ती ऑक्टोबरात सुरू व्हायची आणि चोवीस दिवस चालायची.

त्याचं कारण साधं होतं. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, एका कारखान्याच्या टूलरूममध्ये होता. त्याच्या मॅनेजरकडे मोटारींचं एक इंग्रजी मासिक बोटीने यायचं. त्यांचं वाचून झालं की ते अण्णाला मिळायचं. त्यात शर्यतीचा वृत्तांत तासवार दिलेला असे आणि प्रत्येक तासाच्या शेवटी कोणती गाडी कितव्या क्रमांकावर आणि किती फेऱ्या मागे, याचा तक्ता. अण्णाने नियम केला होता, रोज संध्याकाळी एकच तास. पुढच्या पानांना तो कपडे वाळत घालायचे दोन चिमटे लावून ठेवायचा. तो आमच्या घरच्या मराठीत, मधूनमधून 'सरी' म्हणजे ठीक, 'स्वल्प' म्हणजे थोडं असे कानडी शब्द घालत, सगळं सांगायचा. मी आलेखाच्या कागदावर पुढच्या पाच-सहा गाड्यांच्या रेघा काढायचो. पहिल्या क्रमांकाची गाडी वरच्या शून्यावर, बाकीच्या जितक्या फेऱ्या मागे तितक्या खाली.

ऐंशीच्या दशकातला तो काळ होता. एक फेरी साधारण साडेतेरा किलोमीटरची. जिंकणारी गाडी साडेतीनशेच्या वर फेऱ्या मारायची. मी मोजून पाहिलं होतं, बंगळूरहून दिल्लीला जाऊन परत आलं तरी पाचेकशे किलोमीटर उरतील, आणि हे सगळं एका दिवसात. पण मला वेगापेक्षा दुसरीच गोष्ट आवडायची. तेव्हा प्रत्येक गाडीला इंधन मोजून मिळायचं. सुरुवातीला जोरात पळवली तर शेवटी टाकी कोरडी. म्हणून ड्रायव्हर वळणाच्या बरंच आधी पाय उचलायचे, गिअर जपून टाकायचे. आता त्या शर्यतीत गाड्या चोवीस तास जीव तोडून पळतात आणि बहुतेकदा त्यांना काही होत नाही. तेव्हा मोडणं हा शर्यतीचाच भाग होता. रात्री तीन फेऱ्यांनी पुढे असलेली गाडी सकाळी गॅरेजमध्ये उघडून ठेवलेली असायची.

अशा चार शर्यती आम्ही पुऱ्या केल्या. पाचवी माझ्यामुळे अर्धवट राहिली. तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो.

बाराव्या तासानंतर अण्णा मुलगी बघायला दोन दिवस बेळगावला गेला. मासिक नेहमीच्या जागी, कपाटावर, चिमट्यांसकट. पहिला दिवस मी काढला. दुसऱ्या दिवशी दुपारी चिमटे काढले आणि शेवटपर्यंतचे सगळे तक्ते बघितले. मग चिमटे होते तिथेच लावले. जागा चुकू नये म्हणून आधी पट्टीने मोजून घेतली होती.

चुकलो ते वेगळ्याच ठिकाणी. तेराव्या तासासाठी नवा कागद घ्यायचा होता. पहिल्या कागदावर दोन सेंटिमीटरला एक फेरी असं माझं प्रमाण होतं. अठरा सेंटिमीटरच्या कागदावर नऊ फेऱ्या मावत. तोवर माझ्या आलेखातली सगळ्यात मागची गाडी जेमतेम चार फेऱ्या मागे होती. पण पुढे एक गाडी अकरा फेऱ्या मागे पडणार हे मला आता माहीत होतं, आणि रेघ कागदाबाहेर जाणं मला सहन होत नाही. मी एका सेंटिमीटरला एक फेरी धरली.

अण्णाने कागद बघितला. "प्रमाण का बदललंस?"

"असंच. जागा राहते."

"एवढ्या फेऱ्या कोण मागे पडणार आहे रे?"

"कोणी पडलंच तर."

त्याने पान उघडून तेरावा तास सांगायला घेतला. चार संध्याकाळी गेल्या. सतराव्या तासाला पहिल्या क्रमांकाची गाडी गिअरबॉक्स बिघडून गॅरेजमध्ये आली ती तासभर बाहेरच पडली नाही. अण्णाने आकडा सांगितला. मी रेघ खाली ओढली, अकराच्या खुणेवर आणली. कागदात ती अगदी बरोबर बसली. अण्णा त्या रेघेकडे बघत राहिला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधी बघितलंस?"

"तू बेळगावला गेलास तेव्हा."

त्याने मासिक मिटलं. "मग आता मी काय सांगू?" एवढंच म्हणाला आणि हातपाय धुवायला गेला. आईने जेवायला हाक मारली तेव्हा नेहमीसारखा बोलला. पण अठरावा तास झाला नाही. पुढच्या वर्षी त्याचं लग्न झालं, त्याला कारखान्याचं क्वार्टर मिळालं, आणि नंतर त्या शर्यतीच्या लांबलचक सरळ रस्त्यात मध्येच दोन वळणंही घातली गेली.

आता मी पंचावन्न वर्षांचा आहे. शर्यत फोनवर थेट दिसते, प्रत्येक गाडीचा प्रत्येक आकडा समोर असतो. मी बघतोही. तरी ऑक्टोबर आला की संध्याकाळी सहाच्या सुमारास मला काहीतरी राहून गेल्यासारखं वाटतं. अण्णाबरोबर एकदा तरी पुन्हा तसं बसावं, एवढंच मला हवं होतं. अडतीस वर्षांत ते त्याला म्हणायची माझी हिंमत झाली नाही.

गेल्या महिन्यात अॅव्हेन्यू रोडवर जुन्या पुस्तकांत त्या काळातला एक अंक सापडला. अनुक्रमणिकेप्रमाणे आत हजार किलोमीटरच्या एका शर्यतीचा तासवार वृत्तांत होता. सहा तासांची शर्यत, आम्ही कधीच न वाचलेली. पानं पुरी आहेत का बघायला हवं होतं, पण शेवट दिसू नये म्हणून मी तोंड फिरवून दुकानदारालाच मोजायला सांगितलं. त्याने माझ्याकडे विचित्र नजरेने बघितलं, पण मोजली. ब्याण्णव. पुरी होती.

रविवारी मेट्रोने के. आर. पुरमला गेलो. निवृत्त झाल्यापासून अण्णा आणि वहिनी तिथे राहतात. मी अंक त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "शेवट बघितलेला नाही."

"खरं?"

"दुकानदाराला विचार."

वहिनी कॉफी घेऊन आल्या. "म्हणजे हे मला बघायला आले होते तेव्हा भावजींनी शेवट बघून घेतला, तोच किस्सा ना? चाळीस वर्षं होत आली, अजून संपत नाही."

"अडतीस," मी म्हणालो.

"बघा, भावजींचं काही बदललेलं नाही."

अण्णा हसला. मग अंक हातात घेऊन म्हणाला, "तुला काय वाटलं, मी रागावलो होतो?"

"नव्हतास?"

"अरे, मला सगळं आधीच माहीत असायचं. पहिल्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात बसून शेवटपर्यंत वाचायचो. दोनदा. नाहीतर तुला मराठीत सांगणार कसं? सांगताना अडखळून कसं चालेल?"

"आणि चिमटे?"

"ते तुझ्यासाठी." त्याने कॉफी संपवली. "घरात माहीत नसलेला तू एकटाच होतास. तू बघितलंस, मग सांगायला कोण राहिलं?"

इतकी वर्षं मी समजत होतो की त्या संध्याकाळी आम्ही दोघेही वाट बघत असू. तो दुसऱ्याच कशाची तरी वाट बघत होता, मी रेघ कशी ओढतो त्याची. आणि ते मी मोडलं होतं. मला वाटत होतं त्याहून माझी चूक मोठी होती.

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय? आज नाही होणार. मला आधी वाचायला पाहिजे. डोळे पहिल्यासारखे राहिले नाहीत, वेळ लागेल. पुढच्या रविवारी ये. एका रविवारी एकच तास, सरी?"

"सरी."

"आणि कागद मोठा आण."

अंक त्याच्याकडे ठेवून मी घरी आलो. बुधवारी गॅसच्या पुस्तकाबद्दल काही विचारायला त्याला फोन केला आणि बोलता बोलता विचारलं, "वाचून झालं का?"

"स्वल्प राहिलंय," तो म्हणाला, आणि पुढचं कळू नये म्हणून त्याने आवाज इतका सपाट ठेवला होता की कोणाचं तरी इंजिन गेलेलं असणार हे मी ओळखलं. कोणाचं, ते विचारलं नाही. रविवारला अजून चार दिवस होते.