म्हाताऱ्या बॅटऱ्यांची कोकिळा

पडदा वर जातो. भडगावचं शिवार, डिसेंबरची कोवळी सकाळ, मागे आठ एकर हिरवागार हरभरा. बांधावर बाभळीची सावली, सावलीत खाट, खाटेवर ओळीने मांडलेल्या तीन बॅटऱ्या आणि मधोमध पदर खोचून उभी कोकिळा. नाटक मंडळीत माझं आयुष्य गेलं, पण असा दिमाखदार प्रवेश फार थोड्या नायिकांना साधला.

कोकिळा आमच्या गल्लीतली सून. बचत गटाला सरकारी योजनेतून मिळालेला फवारणीचा ड्रोन दोन वर्षं तीच उडवते. मशीन ठणठणीत, बॅटऱ्या मात्र थकलेल्या. त्यातली चौथी गेली ती तिचे सासरे पुना आबा यांच्या भक्तीने. काम नसलं की कोकिळा बॅटऱ्या निम्म्या भरून ठेवते. काठोकाठ भरून पडून राहिल्या की त्या बिघडतात. खंडेनवमीला ती बोदवडला माहेरी होती. आबांनी विळे-कोयत्यांबरोबर ड्रोनही पूजेला मांडला. देवापुढे कुणी अर्धपोटी बसू नये म्हणून चारही बॅटऱ्या पूर्ण चार्ज केल्या, हळदकुंकू वाहिलं आणि पेटीत ठेवून दिल्या. दिवाळीनंतर पेटी उघडली तर एक पुरीसारखी फुगलेली. फुगलेली बॅटरी पेट घेऊ नये म्हणून वाळूच्या बादलीत घालून कोकिळाने घराबाहेर ठेवली.

आता प्रश्न या आठ एकरांचा होता. हरभऱ्यावर अळी पडली होती. शेताचे मालक गिरधर नाना यांनी बजावलं होतं, आज दिवस मावळायच्या आत झालं नाही तर उद्या दुसऱ्या गावचा ड्रोन बोलावीन. आणि हे काम हातचं गेलं तर ड्रोन परत करून टाकायचा, असं गटातल्या बायकांचंही ठरत आलं होतं.

कोकिळाने टाकीत दहाऐवजी सहाच लिटर औषध भरलं. ओझं कमी, तर बॅटरी कमी तापते. नानांना ते बघवेना.

"याले आज एकादशी शे का?"

ती हसली आणि तिने ड्रोन उडवला. तीस टक्के चार्ज उरला की ड्रोन खाली, बॅटरी सावलीत, हाताला गार लागल्यावरच विहिरीवरच्या चार्जरला. फेऱ्या वाढल्या, पण काम सरकत होतं. म्हातारपणी मीही असाच गळा राखून तीन अंकी नाटकं निभावली, म्हणून मला तिची चाल कळत होती.

चार वाजता एक एकर उरलं आणि तिन्ही बॅटऱ्या गरम. नाना म्हणाले, लाव तशीच चार्जरला, एवढ्याने काय होतंय. कोकिळा खाटेच्या कडेला बसून राहिली. आबा उपरण्याने बॅटऱ्यांना वारा घालू लागले, जणू लेकरांना ताप चढलाय. अशी चाळीस मिनिटं गेली. मग तिने एकेक हाताने चाचपली, चार्जरला लावली, आणि सूर्य टेकला असताना ड्रोन शेवटच्या ओळीवरून परत आला.

नाना खुश. उद्या सकाळी भावाच्या शेतात ये म्हणाले. आबांनी तर लगेच मान डोलावली. कोकिळा बॅटऱ्या पेटीत ठेवत होती, तिने मागे वळून पाहिलंही नाही.

"परवा येसू, नाना. उद्या या तिन्हींना सुट्टी शे."