डोक्याला चुंबक आणि अवसरी फाटा

“मॅडम, दुखणं खाली आन मशीन डोक्याला? हे म्हंजी विहिरीवरची मोटार बंद पडली आन तुमी खांबावर चढताय.”

हे विलासराव, पिंपळवंडीचे. त्यांची बायको शोभा खुर्चीत बसली होती आणि तिच्या डोक्यावर मी चुंबकाच्या मशीनची कॉइल धरली होती. मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट होते. २००८-०९च्या सुमाराची गोष्ट.

“बरोबर बोललात,” मी म्हटलं. “मोटार चांगली आहे. वरून लाइटच नीट येत नाहीये.”

ते त्यांना पटलं. शेतकऱ्याला लाइटचं दुःख समजावून सांगावं लागत नाही.

शोभाला मल्टिपल स्क्लेरोसिस होता, आम्ही एम.एस. म्हणतो. मेंदूतल्या आणि मणक्यातल्या नसांवर एक आवरण असतं, वायरवर असतं तसं. या आजारात शरीर स्वतःच ते कुरतडतं, मग मेंदूचे निरोप अर्धवट पोचतात. कुणाची नजर जाते, कुणाचे पाय. शोभा काठी घेऊन चालायची, पण तिला खाऊन टाकलं होतं ते लघवीच्या त्रासानं. बसलं तर लवकर सुरू व्हायची नाही. झाली तरी पिशवी पुरती रिकामी व्हायची नाही. मग थोड्या वेळानं पुन्हा कळ, आणि उठून जाईपर्यंत साडी ओली.

आमची कॉइल इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. टाळूवर धरायची, म्हणजे पाय आणि लघवी सांभाळणारा मेंदूचा भाग खाली येतो. टकटक आवाज होतो, शॉक बसत नाही. चुंबकाच्या ठोक्यांनी तो भाग जागा करायचा आणि निरोप जोरात जाईल अशी आशा धरायची. आशाच. उपचार नवा होता. सर, म्हणजे आमचे न्यूरॉलॉजिस्ट, करून बघत होते आणि तसं सगळ्यांना स्पष्ट सांगत होते.

दोन आठवडे, रविवार सोडून रोज. विलासराव शेजाऱ्याच्या जीपमधून तिला आणायचे. मी विचारलं, “वाटेत थांबता ना?” ते म्हणाले, “पेठ गावात थांबतो की. मी चहा घेतो. ही काय उतरत न्हाई.” उतरेल कशाला? आदल्या संध्याकाळपासून ती पाण्याचा घोट घेत नसे. ओठ फुटलेले. मी रागावले तर खाली बघून हसायची.

शेवटच्या दिवशी सोनोग्राफी केली. लघवी करून आल्यावर पिशवीत किती उरलंय ते त्यात दिसतं. उरलेलं बरंच कमी झालं होतं. सर खूष.

“शोभाताई, कसं वाटतंय?” सरांनी विचारलं.

“लई फरक हाय,” विलासराव म्हणाले.

“घरी त्रास?”

“न्हाई आता. बरं हाय.” हेही विलासरावच.

माझं डोकं सटकलं. दोन आठवडे हेच चाललं होतं. “विलासराव, लघवी तुम्हाला होते का तिला?”

सर खोकले. विलासराव मोठ्यानं हसले, “आता काय बोलायचं, राव!” म्हणत बाहेर गेले. माणूस वाईट नव्हता. आमच्याकडे बाईचं असलं दुखणं नवऱ्यानं सांगायची पद्धतच आहे, आणि पुरुष डॉक्टरसमोर तर बायका तोंडच उघडत नाहीत. सरांच्या ते ध्यानात आलं, तेही उठले.

“आता बोल,” मी शोभाला म्हटलं.

“फरक हाय, ताई. रात्री दोनदाच उठते.” मग म्हणाली, “अवसरी फाटा आला की मी डोळे मिटून घेते.”

अवसरी खुर्द तिचं माहेर. पिंपळवंडीहून जीपनं फार तर तासाभराचा रस्ता, आणि ही बाई चार वर्षं तिकडे फिरकली नव्हती. गेलं की पाच घरी चहा. नको म्हटलं तर शिष्ट झाली म्हणतात, घेतला तर पंचाईत. रात्री सगळ्यांच्या रांगेत अंथरूण. “भाच्यांच्या पुढं गोधडी वली झाली तर मी कुठं तोंड लपवू?”

“आईला सांगायचंस.”

“कसं सांगू? त्यांना वाटतंय मी रुसले. मी जायचं सोडलं त्याच साली भावाला हक्कसोड करून दिला व्हता, जमिनीचा. हसत सही केली मी. आता सगळे म्हणत्यात, जमीन गेली म्हणून बहीण तुटली. आई निरोप धाडायची, आमचं काय चुकलं सांग. आता निरोप बी येत न्हाई.”

आणि ती रडायला लागली. मला रडणाऱ्या माणसाशी बोलता येत नाही. मी कॉइलची वायर गुंडाळत बसले.

मग म्हटलं, “ऐक. हा गुण किती टिकेल ते सरांनाही माहीत नाही. महिना, दोन महिने, पुढचं कोणी लिहून देणार नाही. जायचंय तर आत्ता जा. आणि आईला खरं सांग.”

परतताना जीप फाट्यावर वळली की नाही, मला कळायला मार्ग नव्हता. पेशंट दाराबाहेर गेला की आपल्या हातात काही उरत नाही. त्या खोलीला खिडकी नव्हती. मशीन बंद केलं की तिथं फार एकटं वाटायचं, त्या दिवशी जरा जास्तच.

महिन्यानं शोभा तपासायला आली. सोबत एक म्हातारी, नऊवारीतली. अवसरीची आई! शोभा सोनोग्राफीला आत गेली तशी म्हातारीनं माझा हात धरला.

“बाई, ते मशीन मला बी लावा की.”

“तुम्हाला कशाला?”

“खोकलं, शिंकलं की व्हतं. शेवटच्या बाळंतपणापासनं हाय, पण आता लई वाढलंय. आज फडकं बांधून आले.” मग अगदी हळू म्हणाली, “म्हणून तर मी पिंपळवंडीला जात नव्हते. लेकीच्या सासरी काय झालं तर? नुसते निरोप धाडत बसले. ती येईना, मी जाईना.”

शोभा दारात उभी होती. तिनं ऐकलं. “आये, तू बोलली न्हाईस मला,” एवढंच म्हणाली.

म्हातारीचं दुखणं वेगळं, मेंदूचं नव्हे, खालच्या सैल पडलेल्या स्नायूंचं. त्याला मशीन लागत नाही. मी तिला आवळायचे व्यायाम शिकवले. तिला पुष्कळ आराम पडला.

शोभाचा गुण काही महिन्यांत ओसरला. सरांनी फाइलवर ‘तात्पुरता फायदा’ असं लिहिलं, आणि ते खरंच होतं. पुढे ती नळी घालून लघवी काढायला शिकली. तरी माहेरी जायची. मायलेकी एका गादीवर मेणकापड टाकून झोपायच्या, विलासरावांनीच सांगितलं.

त्यानंतर मी बायकांना दिवसातून किती वेळा लघवीला जाता हे नंतर विचारते. आधी विचारते, कुणाकडे जायचं सोडलंत? बहुतेक जणी म्हणतात, छे, कुठलंच सोडलं नाही. मी तेव्हाच फाइल मिटत नाही.