सबळ कारणाची चौकट

वरच्या कोर्टाचा निकाल म्हणजे शेवटचा शब्द. तो सुटला की सरकारं वाकतात, कायद्याची पुस्तकं नव्याने छापावी लागतात. मी सिंगापूरला असताना, दहा-बारा वर्षांपूर्वी, असा एक शब्द सुटला आणि आम्हाला फॉर्मवरची एक चौकट काढायला सांगण्यात आलं.

फॉर्म अमेरिकेतल्या एका राज्याचा होता. कपड्यांखाली पिस्तूल लपवून बाळगायचं तर तिथे परवाना लागे, आणि त्याच्या ऑनलाइन अर्जाची देखभाल आम्ही चौघं सिंगापूरच्या बुओना व्हिस्टा भागातल्या एका ऑफिसात बसून करत असू. सगळे पुण्या-मुंबईचे. बंदुकीचा आमचा एकूण अनुभव म्हणजे मी लहानपणी जत्रेत फोडलेले फुगे. खाली खाण्याचे स्टॉल असलेल्या हॉकर सेंटरमध्ये लोक जागा राखायला टेबलावर मोबाइल ठेवून नूडल्स आणायला जायचे. अशा ठिकाणी बसून आम्ही दूरदेशीच्या माणसांना विचारायचो, तुम्हाला पिस्तूल कशासाठी हवं?

हीच ती चौकट. वर लिहिलेलं, ‘सबळ कारण’, आणि शेजारी लाल तारा, म्हणजे भरणं सक्तीचं. कारण पटलं नाही की अर्ज नामंजूर. फॉर्म तपासायचं काम ताईंकडे होतं. त्या आमच्यात वयाने मोठ्या, म्हणून सगळ्यांच्या ताई. तपासणीसाठी खोटी कारणं लागत, आणि ती त्या मनापासून रचत. एकदा त्यांनी ‘सोसायटीची वार्षिक सभा’ असं लिहिलं होतं. मी तरी ते मंजूर केलं असतं.

कोर्टाचं म्हणणं पडलं, की कारण विचारायचंच नाही. राज्याच्या खात्याने लगेच कळवलं, चौकट मुळासकट काढा. छाननीची पत्रं, नकाराची पत्रं, अडकलेले अर्ज, सगळीकडून. मॅनेजरने आम्हाला काचेच्या खोलीत बोलावलं आणि आपण इतिहासाचा भाग होत आहोत, असं सांगितलं. इतिहासाला तीन आठवडे लागणार होते. तोवर सर्वांच्या रजा रद्द.

ताईंचा चेहरा उतरला. त्यांच्या वडिलांचं सहस्रचंद्रदर्शन पुण्यात येत्या रविवारी होतं. हॉल घेतलेला, गुरुजी ठरलेले. वडील एका फोनमध्ये तीनदा विचारत, तू येतेस ना, आणि ताई तीनदा हो म्हणत. सिंगापूरला आल्यापासून घरातल्या दोन मुंजी आणि एक लग्न त्यांनी व्हिडिओवर पाहिलं होतं. हे त्यांना व्हिडिओवर पाहायचं नव्हतं.

त्यांनी लॅपटॉपवर फॉर्म उघडला. मग म्हणाल्या, “चौकट काढू नका. झाकून ठेवा. एक स्विच करू. बंद केला की दिसणार नाही, विचारणारही नाही. तीन दिवसांचं काम आहे.”

“पण ताई, निकाल लागलाय. ती परत कशाला लागेल?”

“स्टे येईल.”

“अहो, अमेरिका आहे ती.”

“वकील तिथेही असतील ना?”

हे त्या अनुभवाने बोलत होत्या. वडिलांचा भाडेकरूशी दावा बावीस वर्षं चालला होता. त्यात ते दोनदा जिंकले होते आणि दोन्ही वेळा पेढे वाटून झाल्यावर स्थगिती आली होती. ताईंच्या घरी निकाल म्हणजे बातमी नसे, मधली सुट्टी असे.

मॅनेजरने बिचकत बिचकतच हे खात्यात आमचं काम पाहणाऱ्या बाईंना फोनवर सांगितलं. मग बाईंनी विचारलं, हा स्विच उलटा फिरवायला किती वेळ लागेल? आम्ही सांगितलं. कागदोपत्री आपण ‘संपूर्ण काढली’ असंच म्हणू, असं त्या म्हणाल्या, आणि आवाजावरून तरी खूश वाटल्या.

गुरुवारी चौकट दिसेनाशी झाली. फॉर्म तिच्याशिवाय जरा ओकाबोका दिसत होता, पण अर्ज सुरळीत येत होते. शुक्रवारी दुपारी ताई ऑफिसातूनच चांगी विमानतळावर गेल्या. रविवारी त्यांनी फोटो पाठवला. वडील पाटावर, भोवती ओवाळायला जमलेल्या बायका, सगळ्यात पुढे ताम्हण घेऊन ताई. वडिलांची नजर दिव्यांकडे नव्हती, ताईंकडे होती. तो फोटो मी दोन-तीनदा उघडून पाहिला.

मंगळवारी सकाळी खात्याची मेल आली. मोठ्या खंडपीठापुढे सुनावणी होईपर्यंत निकालाला स्थगिती. जुना नियम लागू. मी ताईंना फोन केला. त्यांनी तो स्पीकरवर टाकला, कारण वडिलांनाही ऐकायचं होतं. मी सगळं सांगितलं: निकाल, परवाने, पिस्तुलं, स्थगिती. म्हातारबुवांनी शांतपणे ऐकून घेतलं.

“पुढची तारीख कधीची दिलीय?” त्यांनी विचारलं.

तारीख दिलेली नव्हती. मी स्विच फिरवला. चौकट परत यायला चार सेकंद लागले.