मार्तंडच्या सायकलीतलं लोखंड

मार्तंडदादाची सायकल मी एका हाताने उचलते. पहिल्यांदा उचलली तेव्हा मला वाटलं, तिच्यातलं काहीतरी काढून ठेवलंय.

"काही काढलेलं नाही," तो म्हणाला. "कार्बन आहे."

मला कार्बन म्हणजे बिलाच्या मधला निळा कागद माहीत होता. 

आम्ही दोघं सीपरी बाजारच्या एकाच गल्लीत राहतो. तो बिजौलीतल्या एका छोट्या कारखान्यात स्टोअर सांभाळतो. लग्न केलेलं नाही. घरी तो आणि त्याची आई, शारदाकाकू. छावणीतल्या एका कॅप्टनची बदली झाली, तेव्हा त्याची ही सायकल मार्तंडदादाने घेतली. डोंगरात शर्यतीला वापरतात ती. पुढच्या चाकाला शॉक, मागच्या चाकालाही शॉक. दगडावरून गेली की मागचा अर्धा भाग वरखाली होतो आणि बसणाऱ्याला फारसं कळत नाही.

काकूंनी ती दाबून पाहिली. मागचा भाग खाली गेला आणि परत वर आला.

"अरे, ही मधेच मोडलेली आहे," त्या म्हणाल्या. "फौजी माणसाने तुला गंडवलं."

"आई, ती तशीच असते."

"मोडकीच असते?"

शेजारच्या शशिकलाभाभी ओट्यावरून ऐकत होत्या. "अम्माजी, हलकी है तो अच्छा है, चोर भी आराम से ले जाएगा," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी मार्तंडदादाने आईला तासभर समजावून सांगितलं. हा सांगाडा लोखंडाचा नाही. ॲल्युमिनियमचाही नाही. हे धागे असतात, एकावर एक थर देऊन घट्ट केलेले. याला गंज चढत नाही. काकू एखाद्या पोथीला मान डोलवावी तशी मान डोलवत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "म्हणजे यात लोखंड नाहीच?"

"जवळजवळ नाहीच," तो म्हणाला.

मार्तंडदादा चांगली सायकल चालवतो, हे मला वर्षभराने कळलं. मी त्याच्याबरोबर माझ्या जुन्या सायकलीवर बेतवाच्या बाजूला जायचे. चढावर तो बोलत नसे, श्वासही ऐकू येत नसे. वर पोचून माझी वाट बघत बसे, एखाद्या दगडावर, पाय हलवत. एरवी हा माणूस रिक्षावाल्याशी भाड्यावरून बोलायलाही लाजतो. चढावर तो दुसराच कोणी असे. कोण, ते मला सांगता येत नाही.

गेल्या वर्षी दसऱ्याला बरुआसागरच्या बाजूच्या एका टेकडीवर शर्यत ठेवली होती. पहिले तिघं राज्याच्या स्पर्धेला जाणार होते. वयाची अट होती. मार्तंडदादा त्या अटीत शेवटचा बसत होता. पुढच्या वर्षी त्याला कोणी उभंही करणार नव्हतं. त्याने हे मला एकदाच सांगितलं, चहा ओतता ओतता. मग रोज कारखान्यात जाण्याआधी तो ती टेकडी करून येऊ लागला. चढ त्याचाच होता. उतार वाईट होता, सुट्या दगडांचा, मधे दोन वळणं. "उतारावर ब्रेक हवेत," तो म्हणायचा. "बाकी मी बघतो."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या घरांत त्या दिवशी शस्त्रं पुजतात. काकूंच्या सासरचे लोक कधीकाळी दक्षिणेतून तलवार घेऊन इकडे आले. तलवार नंतर वाटणीत ग्वाल्हेरच्या चुलत घराकडे गेली. तेव्हापासून काकू विळी, पक्कड, हातोडा आणि स्कूटरची किल्ली पुजत आल्या. पक्कड पुजताना त्या ओशाळल्यासारख्या व्हायच्या. मी लहानपणापासून पाहिलंय.

त्या वर्षी त्यांनी सायकल पाटावर उभी केली.

संध्याकाळी मी तीर्थप्रसादाला गेले. हँडलला झेंडूची माळ, सीटवर हळदकुंकू, पुढच्या चाकाशी नारळ. काकू नवी नऊवारी नेसून बसल्या होत्या. चेहरा असा की घरात लग्न ठरलं असावं.

"बघ," त्या म्हणाल्या. "किती वर्षांनी घरात शस्त्र आलं."

तेवढ्यात मार्तंडदादा कामावरून आला. त्याने चप्पल काढली, हात जोडले आणि वाकला. वाकलेलाच राहिला. मग त्याने पुढच्या चाकाच्या मधल्या डिस्कवर बोट फिरवलं आणि बोट नाकाशी नेलं.

"आई, तेल लावलंस?"

"लावणार नाही? तुझे आजोबा तलवारीला लावत, पात्याला, मुठीपर्यंत. वर्षाचं तेल असतं ते."

"कुठे लावलंस?"

"अरे, तूच म्हणालास ना, काळ्या भागात लोखंड नाही म्हणून. मग शोधलं. साखळी सापडली. आणि या दोन चकत्या. चांगल्या पोलादाच्या आहेत, हो. दोन्ही बाजूंनी चोळलं. त्या चिमट्यांच्या आतसुद्धा घातलं, थेंब थेंब."

चिमटे म्हणजे ब्रेक. या सायकलीचे ब्रेक त्या चकत्यांना धरूनच थांबवतात. तेवढं मलाही माहीत होतं. मी मार्तंडदादाकडे पाहिलं. आता तो ओरडेल असं मला वाटलं. मी त्याच्या जागी असते तर रडले असते.

"छान चमकतायत," तो म्हणाला.

आणि त्याने प्रसादाला हात पुढे केला.

नंतर "जरा फिरवून आणतो" म्हणून तो सायकल बाहेर घेऊन आला. मी मागे गेले. गल्लीच्या टोकाला त्याने दोन्ही ब्रेक दाबले. सायकल पुढे जातच राहिली, निवांत, एखाद्या पाहुण्याने उठावं तशी. शेवटी त्याने पाय टेकला.

आम्ही बाजारात गेलो. सायकलवाल्या दामोदरने ब्रेकचे छोटे पॅड हातात घेऊन उलटसुलट केले. "जे इतै नइयाँ, बिन्नू," तो मला म्हणाला, म्हणजे इथे मिळत नाहीत. "दिल्ली से मँगाने परहैं।" मग मार्तंडदादाकडे वळून, "भैया, जे तेल डारो कौन ने?"

"मुझसे गिर गया," मार्तंडदादा म्हणाला.

आम्ही डिस्क स्पिरिटने पुसल्या. पॅड काचकागदावर घासले. ते गॅसवर तापवले तर तेल जळून जातं म्हणतात. त्याच्या घरी ते करता येईना, कारण काकूंनी विचारलं असतं. म्हणून माझ्या घरी तापवले. आमच्या स्वयंपाकघरात चकलीच्या तळणीसारखा वास सुटला. माझी आई म्हणाली, "हे काय तळताय?" मार्तंडदादा म्हणाला, "काही नाही काकी, थोडा नशिबाचा भाग." तो हसत होता. मला हसू येईना.

ब्रेक थोडे परत आले. थोडेच.

"काकूंना सांग," मी म्हटलं.

"सांगून?"

"सांगून काय म्हणजे? तू कदाचित पडशील उद्या."

"मग पडायच्या आधी सांगून काय होईल?" तो म्हणाला.  

दुसऱ्या दिवशी टेकडीवर बरीच मुलं होती. खरंच मुलंच. एकाने मार्तंडदादाला "अंकल, आप आयोजक हैं?" असं विचारलं. शर्यत दोन फेऱ्यांची होती. पहिल्या चढावर तो सगळ्यांच्या पुढे गेला. मी खालून पाहत होते. पांढरा सदरा झाडांतून वर वर जात होता, कुठेही न थांबता. वर पोचला तेव्हा त्याच्या मागे बराच वेळ कोणी दिसत नव्हतं.

मग तो उतारावर आला. पहिल्या वळणावर सायकल वळली नाही. तो सरळ बोरीच्या झुडपात गेला.

मी धावले. मी पोचेपर्यंत तो उठला होता. दंडावर ओरखडे होते. त्याने सायकल फिरवून पाहिली, खांद्यावर टाकली आणि धावत सुटला. खाली, दगडांवरून, सायकल खांद्यावर घेऊन. लोखंडाची असती तर जमलं नसतं.

मुलं त्याच्या बाजूने सपासप गेली. एक जण ओरडला, "अंकल, साइकिल आप पे सवार है कि आप साइकिल पे?"

"बारी बारी से!" मार्तंडदादा ओरडला.

दुसऱ्या चढावर त्याने त्यातल्या बहुतेकांना पुन्हा मागे टाकलं. वर तो दुसरा होता. उतारावर पुन्हा खांद्यावर घेतली. सपाटीवर आला तेव्हा सहावा होता. सहावाच राहिला. पहिल्या तिघांना हार घातले, फोटो काढले. मार्तंडदादाने त्या तिघांशी हात मिळवला आणि एकाला त्याच्या टायरमधली हवा जास्त आहे म्हणून सांगितलं.

 

काकू दारात तबक घेऊन उभ्या होत्या. त्यांनी त्याला ओवाळलं, मग सायकलीलाही ओवाळलं.

"निवड झाली?"

"नाही, आई. आता नाही होणार."

त्यांचा हात तबकावर थांबला. वयाची अट त्यांनाही माहीत होती. त्यांनी त्याच्या दंडावरचे ओरखडे पाहिले. मला वाटलं, आता विचारतील आणि आता तो सांगेल.

"आणि सायकल? नीट चालली?"

"सायकल उत्तम," मार्तंडदादा म्हणाला. "थांबतच नव्हती."

काकूंचा चेहरा सैल झाला. "तेल मुरलं होतं ना," त्या म्हणाल्या.

मी त्याच्याकडे पाहिलं. त्यात टोमणा असेल असं मला वाटलं होतं. नव्हता. निदान मला दिसला नाही. तो आत जाऊन आंघोळीला पाणी काढू लागला.

मला राग आला होता. कोणाचा, ते ठरत नव्हतं. संध्याकाळी मी पुन्हा त्यांच्याकडे गेले. तो झोपला होता. मी काकूंना सांगायचं ठरवून गेले होते, स्वच्छ शब्दांत, एकदाच.

दसऱ्याला इकडे घरोघरी विडा देतात. शशिकलाभाभी विडे घेऊन आल्या होत्या. काकू त्यांना हिंदीत सांगत होत्या, "नंबर नहीं आया। पर साइकिल ऐसी दौड़ी, बहू, कि रुकी ही नहीं। लड़का कह रहा था।" भाभी म्हणाल्या, "अरे वाह अम्माजी।" आणि मला विडा दिला.

भाभी गेल्या. काकू माझ्याकडे वळल्या.

"काय गं दिशा? काही म्हणत होतीस?"

"काकू, ते तेल."

"हं?"

त्या वाट पाहत होत्या. दिवसभरात त्या थकल्या होत्या. नखांच्या कडांना अजून काळपट तेल होतं.

"कुठलं होतं?" मी विचारलं.

"तिळाचं," त्या म्हणाल्या. "शस्त्राला शेंगदाण्याचं नाही लावत."

मी बरं म्हटलं आणि विडा तोंडात टाकला.