भरती सात कोडी

हिराबाय सकाळचा चहा घेण्याआधी स्वतःचं ब्लडप्रेशर मोजायची. ओट्यावर खांबाला पाठ टेकून बसायची, पाय खालच्या पायरीवर सपाट, डाव्या दंडाला कापडी पट्टा, कानात नळ्या, उजव्या हातात रबरी फुगा. मग डोळे वर न करता एक बोट उचलायची. त्या बोटासरशी अंगणात जाळं विणणारा तिचा मुलगा दामू हात थांबवी, सून भांड्यांचा आवाज बंद करी, मी पुस्तकाचं पान उलटायचं थांबवायची. कोंबड्या तेवढ्या ऐकत नसत. त्यांना हिराबाय नंतर शिव्या देई. आधी दिल्या तर काटा चढतो, असं तिचं म्हणणं. फुगा फुसफुसत रिकामा होई आणि ती साऱ्या आळीला ऐकू जाईल असं सांगे, "भरती सात कोडी, ओहोटी चार कोडी. बेस हाय. चाय ठेवा."

ही गोष्ट आहे तारापूरच्या बाजूच्या मच्छीमार वस्तीतली, अणुवीज केंद्राचं बांधकाम जोरात चालू होतं त्या वर्षांतली. त्या काळात ब्लडप्रेशर हे डॉक्टरनं मोजायचं आणि डॉक्टरनंच मनात ठेवायचं असतं, अशी सगळ्यांची समजूत होती. डॉक्टरांची तर होतीच.

मी तिथल्या प्राथमिक शाळेत नवी शिक्षिका म्हणून गेले आणि हिराबायच्या पडवीलगतच्या खोलीत राहिले. माझे वडील छापखान्यात खिळे जुळवणारे जुळारी. घरात खेळणी नव्हती, पण बिघडलेली पत्रकं ढिगानं यायची. निषेध, मागण्या, जाहीर सभा यांवरच मी अक्षरं गिरवली. त्यामुळे अन्याय दिसला की माझा हात आधी लेखणीकडे जायचा. हिराबायचा हात आधी टोपलीकडे जायचा. पंचावन्नच्या आसपासची, काळीसावळी, दंडावर गोंदण, आणि आवाज असा की वाऱ्याविरुद्ध उभी राहून होडीतल्या माणसाशी भांडावं तर तिनंच. समोर पोर असो की मामलेदार, ती एकट्या माणसाला 'तू'च म्हणायची. "तुमी म्हंजे पुष्कळ जण," ती मला सांगे. "एकाला तुमी बोलायला तो काय पोटात दुसरा घेऊन आला हाय?"

तिचा धंदा सुक्या मासळीचा. दर आठवड्याला बोंबील, सुकट, वाकट्यांची टोपली घेऊन ती बोईसरला बस बदलायची आणि मनोरच्या बाजाराला जायची. तिथं आतल्या गावांतल्या, डोंगराकडच्या बायका तिची वाट बघत. विक्री हे निमित्त. खरं तर त्या बाजारात ती सहा दिवसांच्या गप्पा एका दिवसात उरकायची. "मनोरला गेली नाय तर माझं तोंड सुकट होते," असं ती म्हणायची, आणि त्यात थट्टा निम्मीच होती.

एकदा बोईसरच्या बसथांब्यावर तिला भोवळ आली. लोकांनी तिला जवळच्या दवाखान्यात नेलं. तिथला डॉक्टर वाईट माणूस नव्हता, हे मी आज लिहू शकते. तेव्हा तो मला साक्षात शत्रू वाटला. त्यानं तिच्या दंडाला पट्टा बांधला, पारा वर चढवला, खाली आणला आणि पेटी मिटली.

"किती?" हिराबायनं विचारलं.

"जास्त आहे."

"जास्त म्हंजे किती?"

"तुला आकडा कळून काय करायचंय, बाई? गोळ्या घे, मीठ कमी कर, ओझं उचलू नकोस. बाजार बंद."

घरी आल्यावर तिनं गोळ्या मुकाट्यानं घेतल्या. खारवलेलं खाणंही सोडलं. पण 'जास्त' हा शब्द तिच्या घशात अडकून बसला. "मी गिऱ्हाइकाला कवा बोलते काय, बोंबील पुष्कळ हायेत, घेऊन जा? नग मोजून देते. माझ्या अंगातला माल, नि मलाच मोजून देत नाय!"

दुसऱ्या खेपेला डॉक्टर म्हणाला, "वाढलंय," आणि गोळ्या दुप्पट केल्या. त्यानंतर ती बसल्या जागेवरून उठली की भिंत धरायला लागली. दामूनं तिची टोपली उचलून माळ्यावर टाकली. "आये, डाक्टर बोलला तो बोलला. आता मनोर नाय." आळीतल्या साऱ्यांशी भांडणारी हिराबाय मुलाशी भांडली नाही. ती नुसती ओट्यावर बसून राहिली. तिचं गप्प बसणं त्या घरात कुणाला सोसेना, दामूला तर नाहीच. पण आईच्या जिवाशी खेळायलाही तो तयार नव्हता.

मी पेटले. एका बैठकीत दोन पानी पत्रक लिहिलं आणि तिला खणखणीत आवाजात वाचून दाखवलं. ज्ञानाची मक्तेदारी, अडाण्यांची लूट, सगळं त्यात होतं. ती शेवटपर्यंत मान हलवत राहिली.

"बेस लिवलं गो, बाय. पण ह्यात माझा आकडा कुठं हाय?"

आकडा मिळाला तो भलत्याच दारातून. प्रकल्पावर काम करणारे परदेशी इंजिनीअर बंगल्यांत राहत, आणि बाजार बंद झाला तरी जवळच्या जवळ म्हणून हिराबाय त्यांना ताजं पापलेट द्यायची. त्यांतला एक म्हातारा साहेब सकाळी अर्ध्या चड्डीत व्हरांड्यात बसून स्वतःच्याच दंडाला पट्टा बांधताना तिनं पाहिला. त्याच्या पट्ट्याला पाऱ्याची पेटी नव्हती, घड्याळासारखी एक तबकडी होती. हिराबायनं पापलेटाची पाटी तिथंच ठेवली.

"डाक्टर कुठं हाय तुझा?" तिनं विचारलं.

साहेबाला मराठी येत नव्हतं, तिला इंग्रजी. दोघं मिळून जी हिंदी बोलले ती दोघांचीच. पण त्यानं नळ्या तिच्या कानात घातल्या, पट्टा तिच्या दंडाला बांधला, फुगा तिच्या हातात दिला. ती धावतच घरी आली. धावू नको म्हणून दामू ओरडला, तरी.

"मास्तरीन बाय, आयकलं मी! पहिला काय आवाज नाय. मग लाँचच्या इंजिनासारखा ठुक, ठुक, ठुक. मग इंजिन बंद. साहेब बोलला, चालू होते तवा काटा बघ, बंद होते तवा परत बघ. चालू ती भरती, बंद ती ओहोटी. एवढाच हाय सारा डाक्टरपणा!"

महिनाभर ती रोज पापलेट देऊन साहेबाच्या व्हरांड्यात शिकत बसली. साहेबाचं काम संपलं, तो मायदेशी निघाला, आणि जाताना तबकडीसकट सारा संच त्यानं तिच्या पाटीत ठेवला. तिनंही त्याला रिकाम्या हातानं जाऊ दिलं नाही. कागदाच्या सात घड्या घालून बांधलेले सुके बोंबील त्याच्या सामानात गेले. त्या विमानातल्या बाकीच्या प्रवाशांचा विचार मी अजून अधूनमधून करते.

आता अडचण आकड्यांची. हिराबायला अक्षरओळख नव्हती. तिला शंभरापर्यंत शिकवून मग पुढे न्यावं, असा माझा बेत होता. तबकडी समोर ठेवून मी सुरू केलं, "हे वीस, हे चाळीस, हे साठ, हे ऐंशी..."

"थांब थांब." तिनं तबकडी माझ्या हातातून घेतली. "ही तर कोडीच कोडी हाय!"

आणि खरंच तसं होतं. मासळी मोजायची ती कोडीनं, कोडी म्हणजे वीस नग. आणि त्या तबकडीवर विसा-विसाचेच मोठे आकडे होते. साता समुद्रांपलीकडच्या कुणा कारागिरानं जणू आमच्या आळीसाठी ती घडवली होती. एक कोडी, दोन कोडी, तीन कोडी करत हिराबायचं बोट फिरलं आणि माझं सारं अध्यापन पाव तासात संपलं. एकशे वीस म्हणजे सहा कोडी. नव्वद म्हणजे साडेचार. ती कधी चुकली नाही. चुकायची ती मीच, कारण मला गुणाकार करावा लागायचा.

रोज सकाळी ती सांगायची आणि मी लिहायची. कागद म्हणून वडिलांनी पाठवलेली पत्रकं होती, एका बाजूला दरवाढीचा निषेध, दुसरी बाजू कोरी. पाणी भरून आल्याआल्या मोजलं तर काटा चढतो, हे तिनं स्वतःच शोधून काढलं. दामूशी वाद घातल्यावर मोजलं तर आणखी चढतो. तेव्हापासून तिचा नियम झाला, "पहिलं बूड टेकव, मग माप." एक कोडी दिवस आम्ही असं लिहिलं. भरती सहा कोडी, कधी सहा कोडीला चार नग कमी. उठताना भोवळ यायची त्या दिवशी साडेपाचच. वर जाणं नाहीच.

"आये, मग डाक्टरला वाढलेलं दिसते ते काय?" दामूनं विचारलं.

"तेच विचाराया चालली मी."

माळ्यावरची टोपली उतरवून घेऊन आम्ही दोघी बोईसरला गेलो. बसमध्ये टोपली कुठं ठेवायची यावरून तिचं कंडक्टरशी वाजलं. दवाखान्यात बसायला जागा नव्हती, तासभर उभं राहावं लागलं. डॉक्टरनं पट्टा बांधता बांधता मीठ खाल्लंस का, ओझं उचललंस का, असं दटावलं. पारा उतरला.

"वाढलंच आहे. आता गोळ्या तिप्पट."

"आकडा सांगा," मी म्हणाले. माझा आवाज सभेतला होता.

"एकशे सत्तर. झालं समाधान?"

"साडेआठ कोडी," हिराबाय म्हणाली.

"कसल्या कोडी?"

तिनं टोपलीतून संच काढला. दवाखान्यात सुकटीचा वास पसरला. मी आकड्यांचा कागद टेबलावर ठेवला. डॉक्टरनं तो उलट्या बाजूनं धरला आणि दरवाढीचा निषेध पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. मी कागद फिरवून दिला. त्यानं तबकडी उचलून बघितली. "असल्या खेळण्यावर औषध ठरवू मी?"

"खेळणं हाय काय, ते तुझ्या हाताला लावून बघू," हिराबाय म्हणाली. "चल. बूड टेकव. पाय खाली. तोंड बंद."

बाहेरच्या बाकावरचे सगळे दारात जमले होते. डॉक्टर लाजला की वैतागला, कळलं नाही, पण त्यानं बाही वर केली. हिराबायनं फुगा दाबला, बोट उचललं, सारा दवाखाना चिडीचूप. "भरती साडेआठ कोडी. ओहोटी पाच."

"अशक्य," डॉक्टर म्हणाला आणि आपली पाऱ्याची पेटी स्वतःच्याच दंडाला लावली. त्यानं पारा दोनदा चढवून उतरवला. मग पेटी न मिटता म्हणाला, "एकशे अडुसष्ट. शंभर."

"खेळणं बरोबर हाय," हिराबाय म्हणाली. तिच्या आवाजात विजय नव्हता, काळजी होती. "तू मीठ किती खातो, डाक्टर?"

आधी दारातली माणसं हसली, मग डॉक्टर हसला. त्या हसण्यानं माझ्या डोक्यातलं अर्धं पत्रक तिथंच रद्द झालं. त्यानं तिला पंख्याखाली खुर्ची दिली, बाहेरच्यांना घालवलं, पंधरा मिनिटं कुणी तिच्याशी बोललं नाही. माझ्या मते तो त्या दिवसातला सर्वांत कठीण उपचार होता. मग त्यानं पुन्हा मोजलं. एकशे तीस.

"म्हणजे इथं आल्यावर चढतं आणि घरी नसतं," तो स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "आणि मी इथलं बघून गोळ्या वाढवत बसलो. कागदावरची ही भोवळ त्या गोळ्यांचीच."

"तुझं तोंड बघितलं का मला भरती येते, डाक्टर. त्याला तू काय करशील?"

त्यानं गोळ्या पुन्हा पहिल्याइतक्या केल्या. मनानं बंद करायच्या नाहीत, हे बजावलं. दर महिन्याला कागद आणायचा, आठ कोडीच्या वर गेलं तर त्याच दिवशी यायचं, असंही. "आणि बाजार?" तिनं विचारलं. तेवढ्यासाठीच ती आली होती. तिचे दोन्ही हात टोपलीच्या काठावर घट्ट होते.

"अर्धी टोपली," डॉक्टर म्हणाला. "आणि डोक्यावर नाही."

ती उठली, भिंत न धरता. दारात थांबून म्हणाली, "उद्या सकाळी चायच्या पहिलं मोज तुझं. नि आकडा मला सांग."

पुढच्या वर्षी माझी बदली झाली. हिराबाय पुढं कितीतरी वर्षं तिथंच राहिली, मोजत राहिली. तिच्याबद्दल कुणी विचारलं की मला गोळ्या कमी झाल्यानंतरची मनोरच्या बाजारातली तिची पहिली खेप आठवते. टोपली दामूनं बसपर्यंत नेली, मनोरला मी उतरवली. ती बसते ना बसते तोच बायकांनी तिला गराडा घातला: कुठं होतीस, काय झालं, मेलीस असं ऐकलं. तिनं उत्तरादाखल तबकडी काढली. मग बोंबील राहिले बाजूला. लुगड्याची घडी अंथरून तिनं एकेकीला बसवलं, पाय टेकवून घेतले, गप्प केलं. बाजारात गप्प बसलेल्या बायका मी तेव्हाच पाहिल्या.

एक तरणी शेतकरीण नवऱ्याबरोबर आली होती. नवरा छत्री घेऊन शेजारी उभा. बाई बसली, पट्टा बांधला, काटा वर गेला, थरथरत खाली आला. हिराबायनं कानातल्या नळ्या काढल्या.

"किती आला?" नवऱ्यानं विचारलं.

हिराबायनं त्याच्याकडे पायापासून छत्रीपर्यंत पाहिलं. "हात तुझा हाय काय?"

तो गडबडला. "बायको हाय माझी."

"बायको तुझी. हात तिचा." आणि वाकून, तोंडावर पदर धरून, तिनं त्या बाईच्या कानात आकडा सांगितला.

त्या बाईच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट लिहिता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याविषयीची एखादी गोष्ट कुणी आधी तिला सांगितली होती. ती हसत उठली, पदर सावरला आणि गर्दीतून चालू लागली. छत्री सांभाळत नवरा मागून येत होता.

"किती गो? अगो, सांग की, किती?"

ती मागे वळून बघेना, आणि सांगेना.